उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर : बेळगाव, औंध, हरिहर आणि आपले राजाजीनगर

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत थोरामोठ्यांची चरित्रे छापण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. बहुतेक वेळा ती संतांची, स्वातंत्र्यसैनिकांची किंवा साहित्यिकांची असतात. यंदा मी मुद्दाम एका कारखानदाराचे चरित्र लिहायला घेतले आहे. त्याला कारणही तसेच आहे. नोकरीधंद्यासाठी महाराष्ट्रातून किंवा बेळगाव-धारवाडकडून बंगळूरला येऊन स्थायिक झालेली आपण मंडळी पुण्याला जाताना ज्या रेल्वेमार्गाने जातो, त्याच मार्गावर या माणसाचे जवळजवळ सगळे कर्तृत्व पसरलेले आहे. बेळगाव, किर्लोस्करवाडी, हरिहर आणि बंगळूर ही चारही स्टेशने एकाच लाइनीवर येतात. त्यातले शेवटचे पाऊल तर आपल्या राजाजीनगरात पडले. हा माणूस म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

अलीकडे वर्तमानपत्रांत क्लस्टर हा शब्द वारंवार येतो. एकाच धंद्यातले अनेक कारखाने एका भागात असावेत, सरकारने त्यांना जागा, वीज, रस्ते, तपासणीची प्रयोगशाळा आणि प्रशिक्षण यांची सामाईक सोय करून द्यावी, म्हणजे त्यांचा माल देशात आणि परदेशात टिकाव धरेल, अशी ती कल्पना आहे. कल्पना चांगलीच आहे. पण सरकारने काय द्यावे आणि माणसांनी स्वतः काय उभे करावे, याचा धडा लक्ष्मणरावांच्या चरित्रात शंभर वर्षांपूर्वीच गिरवलेला दिसतो.

चित्रकलेकडून यंत्रांकडे

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे आणि याच घराण्यातले. लक्ष्मणरावांना शाळेच्या पुस्तकांपेक्षा दोनच गोष्टींची ओढ होती, चित्रे आणि यंत्रे. थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, यांच्या पाठिंब्यावर ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षे गेली आणि त्यांची दृष्टी काही रंगांच्या बाबतीत अधू असल्याचे लक्षात आले. रंग नीट ओळखता येत नसतील तर चित्रकार कसे होणार? दुसरा एखादा खचून गावी परतला असता. लक्ष्मणराव यांत्रिक रेखाकलेकडे वळले. तिथे रंगांचे काम नव्हते, रेघांचे होते. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते याच विषयाचे शिक्षक झाले.

ते स्वतः इंजिनिअरिंगची कोणतीही पदवी घेतलेले नव्हते. शिकवता शिकवता ते संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रे हाताळायला शिकले. दरम्यान १८८८ मध्ये त्यांनी रामूअण्णांच्या साथीने बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते. बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना त्या नावामागे सायकलचे दुकान आहे हे ठाऊक असेल, कोण जाणे. बढतीच्या वेळी आपल्याला डावलून दुसऱ्याला जागा दिली गेली, हे पाहिल्यावर लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी सोडली आणि ते कायमचे बेळगावला आले.

लोखंडाने जमीन नासते?

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. त्यांचे शिक्षण पुस्तकांतून, अमेरिकन मासिकांतून आणि विलायती यंत्रांच्या कॅटलॉगमधून चाललेले होते. नांगर तयार झाला १९०३ च्या सुमारास, पण घेणार कोण? लाकडी नांगर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. लोखंडाचा फाळ आणि लोखंडाचाच सांगाडा जमिनीत फिरला तर माती विषारी होईल आणि पीक येणार नाही, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुरुवातीचे थोडेसे नांगर खपायला दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना अडाणी म्हणून नावे ठेवली नाहीत. नांगर शेतात नेऊन चालवून दाखवला, त्यांच्या तक्रारी ऐकल्या आणि त्यानुसार नांगरात सुधारणा केल्या. काळ्या कसदार जमिनीतली हरळी खोलवर उखडून निघते हे एकाने पाहिले, की शेजारचे चार जण विचारायला येत. जाहिरात झाली ती अशी बांधावरून बांधावर.

धंदा कुठे स्थिरावतो आहे तोच १९१० मध्ये संकट आले. शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी आहे, ती रिकामी करा, असे बेळगावच्या नगरपालिकेने कळवले. शहराला नवी वस्ती हवी होती आणि लहानशा कारखान्याचे महत्त्व कोणाला वाटले नाही. यंत्रे, ओतकामाची भट्टी आणि कामाला तयार झालेली माणसे घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न उभा राहिला. भांडवल बेताचेच होते.

औंधच्या राजाने काय दिले

या वेळी मदतीला आले औंधचे संस्थानिक भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचे प्रसारक म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते स्वतः उत्तम चित्रकार होते. १९०९ मध्येच ते गादीवर आले होते. औंध हे लहान संस्थान, तेही सलग नव्हे. सातारा-सांगली भागात त्याचे तुकडे विखुरलेले होते. त्यातल्या कुंडलजवळच्या माळावर हवी ती जागा घ्या, असे त्यांनी लक्ष्मणरावांना सुचवले. सुमारे बत्तीस एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज, अशी ती मदत होती.

आजच्या सरकारी योजनांच्या मानाने हे काहीच नाही. पण जागेची निवड रेल्वेतल्या माणसाच्या नजरेने पाहिली तर मोठी अचूक होती. माळ निवडुंगाने भरलेला, सापांचा सुळसुळाट, पाण्याची वानवा. मात्र शेजारीच मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचे कुंडल रोड नावाचे लहान स्टेशन होते. पुणे-मिरज-बेळगाव-हुबळी-बंगळूर असा तो मीटर गेजचा मार्ग. कोळसा आणि कच्चे लोखंड वॅगनने येणार, नांगर वॅगनने जाणार. बैलगाडीवर विसंबून ओतकामाचा कारखाना चालत नाही. एका बाजूला गावे आणि शेतकरी, म्हणजे गिऱ्हाईक, आणि दुसऱ्या बाजूला लोहमार्ग. सुपीक जमीन मिळाली असती आणि स्टेशन वीस मैलांवर असते, तर हा कारखाना तिथे जगला असता असे मला वाटत नाही.

मार्च १९१० मध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे त्या माळावर आली. आधी निवडुंग तोडला, मग छपरे उभी केली, मग भट्टी पेटली. त्या वस्तीचे नाव किर्लोस्करवाडी पडले. पुढे कुंडल रोड स्टेशनलाही तेच नाव मिळाले आणि आजही आपली गाडी त्या पाटीसमोरून जाते.

बाळासाहेबांनी आणखी एक गोष्ट दिली, जी कुठल्याही सरकारी आदेशात लिहिता येत नाही. त्यांनी विश्वास टाकला आणि रोजच्या कारभारात हात घातला नाही. याच संस्थानात कऱ्हाड स्टेशनजवळ १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील वीज येण्यापूर्वी महाराष्ट्रातल्या घराघरांत टांगलेला असे. नकाशावर शोधावे लागणाऱ्या संस्थानात दोन-दोन उद्योगवाड्या उभ्या राहिल्या, त्यामागे तिजोरीपेक्षा राजाची दृष्टी मोठी होती.

वाडीतली माणसे

लक्ष्मणरावांनी आधी माणसे जमवली आणि मग यंत्रे. शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे अशी सहकाऱ्यांची फळी त्यांच्याभोवती उभी राहिली. रामूअण्णांनी वस्तीची व्यवस्था सांभाळली. या मंडळींकडे मोठाल्या पदव्या नव्हत्या. कोणाला ओतकाम कळत होते, कोणाला हिशेब, तर कोणाला यंत्रातली खोड नुसत्या आवाजावरून समजे. गावातली शेतमजुरांची मुले वाडीत येऊन मोल्डर, फिटर आणि टर्नर झाली.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक होता. ज्या काळात गावातला पाणवठा जातीने वाटलेला होता, त्या काळातली ही गोष्ट आहे. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी राखणदार म्हणून ठेवले. जवळच्यांनाही ते धाडस वाटले, पण विश्वास टाकला की माणूस त्याला जागतो हे लक्ष्मणरावांनी करून दाखवले. शाळा, पाणी, स्वच्छता, बागा, नाटके, सगळे त्या माळावर आले. आपल्या पिढीच्या घरांतून किर्लोस्कर, स्त्री आणि मनोहर ही मासिके येत. त्यांची सुरुवातही वाडीतच झाली. १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर सुरू केले आणि कारखान्याचे हे पत्र पाहता पाहता मराठी मध्यमवर्गाचे मासिक झाले.

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पडून असलेल्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले, ही कवितेतली कल्पना नव्हे, वाडीच्या भट्टीत घडलेली गोष्ट आहे. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, रहाट आणि पुढे १९२६ पासून सेंट्रीफ्यूगल पंप आले. याच वर्षी थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून इंजिनिअर होऊन परतले.

म्हैसूर सरकार आणि हरिहर

आता आपल्या कर्नाटकाकडे येऊ. त्या काळातले म्हैसूर संस्थान उद्योगांच्या बाबतीत देशात पुढे होते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेले आणि मुंबई इलाख्यात अनेक वर्षे नोकरी केलेले इंजिनिअर. ते १९१२ ते १९१८ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर बँक, चंदनतेल, साबण, भद्रावतीचा लोखंड कारखाना या सगळ्यांची मुहूर्तमेढ त्यांच्या कारकिर्दीत रोवली गेली. भद्रावतीत लोखंड १९२३ पासून निघू लागले. औंधने जागा देऊन बाजूला होण्याचे धोरण ठेवले. म्हैसूरने मात्र स्वतः भांडवल घातले, कारखाने चालवले आणि खाजगी उद्योगांनाही हात दिला.

१९४१ मध्ये दुसरे महायुद्ध चालू असताना म्हैसूर सरकारच्या सहकार्याने हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी निघाली. तिचे काम लेथसारखी यंत्रे बनवण्याचे, म्हणजे यंत्रे करणारी यंत्रे करण्याचे. जागा इथेही विचारपूर्वक निवडलेली दिसते. तुंगभद्रेचे पाणी, जवळ भद्रावतीचे लोखंड, आणि पुन्हा तोच पुणे-बंगळूर लोहमार्ग. हरिहर हे म्हैसूर संस्थान आणि मुंबई इलाखा यांच्या सीमेवरचे गाव. पूल ओलांडला की दुसरे राज्य. भाषेवरून आज आपल्याकडे वाद होतात. पण त्या कारखान्यात कानडी आणि मराठी कामगार एकाच लेथवर पाळीपाळीने काम करत होते, हेही आपल्या इतिहासातच आहे.

१९४६ मध्ये दोन नव्या कंपन्या निघाल्या. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि आपल्या बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक. बंगळूरची जबाबदारी लक्ष्मणरावांचे चिरंजीव रवींद्र यांनी घेतली. लक्ष्मणराव तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते.

दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात जी जाळपोळ उसळली, तीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. अडतीस वर्षे घडवलेली वाडी आगीत सापडलेली पाहण्याची वेळ या वृद्धावर आली. त्याच वर्षी औंध संस्थान विलीन झाले आणि ज्याच्या आधाराने वाडी उभी राहिली ते राज्यही उरले नाही. कारखाना मात्र पुन्हा उभा राहिला, कारण छपरे आणि यंत्रे जळाली तरी काम येणारी माणसे तिथेच होती. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

राजाजीनगरचा पट्टा

राजाजीनगरच्या नव्या रहिवाशांना ही एक आयटीवाल्यांची, दुकानांची वस्ती वाटते. पण इथल्या इंडस्ट्रियल सबर्ब या नावातच तिचा जन्म दडलेला आहे. यशवंतपूर ते मल्लेश्वरम या लोहमार्गाच्या कडेला किर्लोस्कर इलेक्ट्रिकच्या मोटारी बनत. जवळच सरकारी मालकीची चंदनसाबणाची फॅक्टरी आहे, जिचे नाव आता मेट्रो स्टेशनलाही मिळाले आहे. म्हैसूर लॅम्प्सचे दिवेही याच भागात बनत. पुढे सरकारने लहान कारखान्यांसाठी राजाजीनगर औद्योगिक वसाहत बांधली. मोठ्या कारखान्याला लागणारा एखादा सुटा भाग गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये व्हायचा आणि तिथला टर्नर चार वर्षांनी स्वतःची लेथ टाकायचा. क्लस्टर हा शब्द कोणी उच्चारत नव्हते, पण गोष्ट तीच होती. १९७० च्या दशकापासून हे काम पीण्याकडे सरकले. किर्लोस्कर इलेक्ट्रिकच्या जुन्या जागेवर आता मॉल आणि उंच इमारती आहेत आणि कंपनीचे कार्यालय पीण्यात आहे.

हरिहरची कथा याहून कठीण आहे. १९९१ नंतर आयात खुली झाली, संगणकावर चालणारी परदेशी यंत्रे आली आणि म्हैसूर किर्लोस्कर या स्पर्धेत मागे पडत गेली. नव्या शतकाच्या सुरुवातीला कारखाना बंद झाला. सगळे गाव एकाच फाटकावर अवलंबून असले, की फाटक बंद झाल्यावर काय होते हे हरिहरने भोगले. याउलट बेळगाव आणि कोल्हापूर पाहा. तिथे लहान-मोठ्या अनेक फाऊंड्र्या आहेत. एक बंद पडली तर तिथला मोल्डर शेजारच्या फाऊंड्रीत जातो, त्याचे कसब वाया जात नाही. याचे सगळे श्रेय किर्लोस्करांना देणे बरोबर नाही. शाहू महाराजांसारखे राजे आणि गावोगावचे हुन्नरी मिस्त्री यांचाही त्यात वाटा आहे. पण बेळगावात भट्टी पेटवून नांगर ओतण्याचे धाडस प्रथम करणाऱ्यांत लक्ष्मणराव होते, हे विसरता येणार नाही.

गंमत अशी, की ज्या बेळगावातून त्यांना बाहेर पडावे लागले, त्याच बेळगावच्या फाऊंड्री उद्योगाला केंद्र सरकारच्या क्लस्टर योजनेतून सामाईक सुविधा मिळाल्या. २००३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत चिंचवडचा वाहनउद्योग आणि इचलकरंजीचा वस्त्रोद्योगही होता. सरकार बदलते, धोरण बदलते आणि काल नकोसा झालेला कारखाना आज हवासा होतो. मधल्या काळात टिकून राहते ते माणसांच्या हातातले काम.

आपण काय करावे

लक्ष्मणरावांचे चरित्र वाचताना मला सरकारच्या वाट्याची कामे स्पष्ट दिसली. योग्य जागी जमीन, दारात लोहमार्ग, परवडणारे कर्ज, आणि नंतर उगाच लुडबूड न करणे. ही कामे औंधने केली, म्हैसूरने आपल्या पद्धतीने केली. पण निवडुंगाच्या माळावर शेतमजुराच्या मुलाला मोल्डर करणे हे कोणत्याही दरबाराचे काम नव्हते. ते लक्ष्मणरावांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. आज प्रशिक्षण केंद्राची इमारत सरकार बांधून देते. तिथे शिकायला मुलगा पाठवणे मात्र आपल्या घरांच्या हातात आहे, आणि इथे आपण कमी पडतो. मी स्वतः डिप्लोमा करून रेल्वेत लागलो. आमच्या शेडमध्ये आयटीआय झालेले जे जुने फिटर आहेत, त्यांच्या बोटांत जे ज्ञान आहे ते निवृत्तीबरोबर निघून चालले आहे. त्यांची मुलेही ते काम शिकायला तयार नाहीत, कारण आपल्या समाजात त्या कामाला मान उरलेला नाही.

म्हणून कार्यकारिणीला एक नम्र सूचना करतो. उत्सवात आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो, तो करावाच. त्याबरोबर आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलामुलींनाही व्यासपीठावर बोलवावे. पीण्यात किंवा बेळगावात स्वतःचे लहानसे वर्कशॉप चालवणारा आपल्यातला एखादा उद्योजक त्या दिवशी प्रमुख पाहुणा असावा. आणि शक्य झाल्यास पुढच्या वर्षी मंडळाची सहल किर्लोस्करवाडीला न्यावी. तिथे आजही पंप बनतात. ज्याच्याकडे पदवी नव्हती त्या माणसाने काय उभे केले, ते मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

विद्येच्या देवतेच्या उत्सवात हाताच्या विद्येलाही तेवढाच मान मिळो, ही श्रींच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!